मदत हवी आहे : लठ्ठपणाचा धोका, आणि संशोधनामागचा पैसा कसा जोखावा?

नमस्कार मंडळी,

मी गुहागरजवळच्या एका वाडीत राहतो. माझे थोरले बंधू आंबा बागायतदार आहेत. वय ५२, उंची १७० सेंमी, वजन ७९ किलो आणि कमरेचा घेर ९८ सेंमी. चिपळूणच्या डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितल्यापासून दादा मला एकच बातमी दाखवतात, की जरा अंगाने भरलेली माणसे जास्त जगतात.

बातमी खोटी नाही, हीच अडचण आहे. कॅथरीन फ्लेगल या संशोधिकेने २०१३ साली ९७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा २५ ते ३० बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग; दादांचा सुमारे २७) असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका सामान्य वजनाच्या माणसांपेक्षा ६ टक्क्यांनी कमी दिसला. ‘हे कंपन्यांच्या पैशाचे संशोधन असणार’ असे मी बोलून गेलो आणि तोंडघशी पडलो, कारण फ्लेगलबाई अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण केंद्रात होत्या. मात्र त्यांच्याच २००५ च्या आकड्यांचा डांगोरा उपाहारगृहे व खाद्यकंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या एका संस्थेने जाहिराती देऊन पिटला होता. म्हणजे संशोधन कोणी केले आणि ते कोणी वापरले, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

तरीही पैशाचा प्रभाव नाकारता येत नाही. साखरयुक्त पेये आणि वजनवाढ यांवरील आढाव्यांची २०१३ मध्ये छाननी झाली, तेव्हा उद्योगाशी आर्थिक संबंध असलेल्या सहापैकी पाच निष्कर्षांनी पुरेसा पुरावा नसल्याचे म्हटले होते, तर संबंध नसलेल्या बारांपैकी दहांना वजनवाढ दिसली होती. (दादांचे कोकम सरबत पाकातलेच असते, हा भाग वेगळा.)

माझा मुख्य प्रश्न असा : २०१६ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील बीएमआय आणि मृत्यू यांवरच्या मोठ्या विश्लेषणात धूम्रपान करणारे, आधीच आजारी असलेले आणि पहिल्या पाच वर्षांत दगावलेले वगळले, तेव्हा सर्वांत कमी धोका २० ते २५ बीएमआयमध्ये आढळला. पण या गाळणीत सुमारे १ कोटी ६ लाखांपैकी जेमतेम ४० लाख माणसे उरली. आजारपणाने वाळलेली माणसे बाजूला काढणे मला पटते. परंतु इतकी माणसे वगळल्यावर निष्कर्षच बदलण्याचा धोका नाही का? संख्याशास्त्र जाणणाऱ्यांनी कृपया समजावून सांगावे.

शिवाय भारतीयांसाठी २५ बीएमआयपासूनच लठ्ठपणा आणि पुरुषांच्या कमरेला ९० सेंमी ही मर्यादा धरतात, कारण आपल्याकडे पोटावरची चरबी आणि मधुमेह कमी वजनातही आढळतो. मग दादांच्या बाबतीत फ्लेगल यांचा आकडा मुळात लागू करावा का? पुढच्या महिन्यात त्यांची पुन्हा तपासणी आहे. तोवर कोणी मार्गदर्शन केल्यास उपकार होतील.