भस्त्रिकेनंतर बोटं आखडतात, शवासनात रडू येतं – मदत हवी आहे

नमस्कार. लिहू की नको करत महिना गेला, आज धीर करून लिहिते आहे.

मी ४६ वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरी करते. मार्चमध्ये माझे बाबा गेले. शेवटचा दीड महिना त्यांच्या उशाशी रात्री मीच असायचे. ते गेल्यावरही अडीच-तीनला जाग येते, ती छातीत धडधड घेऊनच. ईसीजी, टूडी एको, थायरॉईड, सगळं करून झालं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ताण आहे, प्राणायाम सुरू करा. म्हणून जूनपासून कॉलनीच्या सभागृहातल्या पावणेसहाच्या वर्गाला जाते.

आसनांनी मला खरंच बरं वाटलं. दिवसभर काउंटरवर बसून धरलेली कंबर महिन्याभरात मोकळी झाली. अडचण आहे ती पुढच्या पंधरा मिनिटांची. पाच मिनिटं सलग भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरात श्वास आत-बाहेर, आणि मध्ये दम न खाता दहा मिनिटं कपालभाती, म्हणजे पोटाच्या झटक्याने श्वास बाहेर टाकणं. माइकवर ठेका चालू असतो, मिनिटाला शंभरच्या वर ठोके होतात. तिसऱ्या मिनिटाला माझ्या ओठांभोवती मुंग्या येतात, मग बोटांच्या टोकांना. ऑगस्टमध्ये एकदा उजवा अंगठा आपोआप तळव्यात वळला, बाकीची चार बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली आणि मनगट आत वाकलं. डाव्या हाताने सोडवायला गेले तर सुटेना. स्वतःचाच हात परका झाल्यासारखं वाटलं, खूप घाबरले. पाच मिनिटांनी हळूहळू सुटलं. त्यानंतर तीनदा तसंच झालं आहे.

सर म्हणाले, "शरीरातली घाण बाहेर पडतेय, ऑक्सिजन वाढतोय, थांबू नका." कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर घरात होतं, ते एक दिवस सोबत नेलं. आधी ९८, नंतर ९९. मग वाढला तो ऑक्सिजन कुठे गेला?

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. शवासनात सर "पायांची बोटं सैल सोडा" म्हणतात आणि माझे डोळे वाहायला लागतात. पाणी थेट कानात जातं. मी रोज रात्री बाबांच्या तळपायांना तेल चोळायचे. बाकी दिवसभर मी रडत नाही, तिथेच रडते. हे चांगलं की वाईट, तेच कळत नाही.

एक मात्र पक्कं आहे. रात्री जाग आली की उठून बसून भ्रामरी करते, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडते, श्वास घेते त्याच्या दुप्पट वेळ सोडते. परवा नाडी मोजली तर ९६ होती, दहा मिनिटांनी ७८. म्हणून श्वासाचा अभ्यास मला सोडायचा नाहीये, माझ्याजवळ तेवढंच आहे. पण एकाच श्वासाने सकाळी हात आखडतो आणि रात्री जीव शांत होतो, हे कसं? आणि सरांना न दुखावता कसं सांगू? माणूस मनापासून शिकवतो, फी सुद्धा घेत नाही.

– रानजाई

प्रतिसाद : जुना फळा

ताई, ३१ वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, तेवढ्या हक्काने सांगतो. तुमचा हात आखडतो ती घाण नव्हे. वर्गात विद्यार्थ्यांना जोरजोरात श्वास घ्यायला लावला की त्यांचीही बोटं अशीच वळायची.

ऑक्सिजनचं उत्तर तुमच्या यंत्रानेच दिलंय. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन बसल्या जागी जवळपास भरलेलंच असतं, त्यात आणखी काय भरणार? बदलतो तो कार्बन डायऑक्साइड. शरीराला गरज नसताना भराभर श्वास केला की तो प्रमाणाबाहेर निघून जातो आणि रक्त अल्कधर्मी होतं. मग रक्तातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना चिकटून बसतं. ते कमी झालं की नसा विनाकारण चेतवल्या जातात. मुंग्या त्याच्याच, आणि अंगठा आत वळतो तोही त्यानेच. शिवाय मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून डोकं हलकं होतं. ही 'तंद्री' पुष्कळांना आवडते, पण ज्याला आधीच धडधडीची भीती आहे त्याचं शरीर तिला संकट समजतं.

रात्रीचं याच्या अगदी उलट आहे. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हचा, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या नसेचा, हृदयावरचा लगाम घट्ट होतो, ठोके मंदावतात. सोडणं लांबवलं की लगाम जास्त वेळ धरला जातो. मिनिटाला साधारण सहा श्वास झाले की रक्तदाब आणि ठोके यांचा मेळ उत्तम बसतो. २००१ मध्ये लुचियानो बेर्नार्दी या इटालियन डॉक्टरांनी जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' म्हणणाऱ्यांची नोंद घेतली, तेव्हा दोन्हींत श्वासाची गती आपोआप सहाच्या आसपास आली होती. मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हे, की दोन वेगळ्या धर्मांच्या प्रार्थना न ठरवता एकाच लयीवर पोहोचल्या.

भस्त्रिका आजपासून बंद. पुन्हा बोटं वळली तर थांबा आणि हळू, छोटे श्वास घ्या. तोंडाला पिशवी वगैरे लावू नका. कॅल्शियम, मॅग्नेशियम, ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या, कारण ते मुळात कमी असलं तर हात लवकर आखडतो.

प्रतिसाद : मठाची वाट

मी बावीस वर्षं योग शिकवते. हठप्रदीपिकेत कपालभाती प्राणायामात नाहीच, ती षट्कर्मांतली एक शुद्धिक्रिया आहे. आम्ही नवीन माणसाला वीस-तीस ठोके देतो, मग पूर्ण विश्रांती. रक्तदाब, हर्निया, अपस्मार, गर्भारपण यांत तर नाहीच. त्याच ग्रंथात म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू, नाहीतर तो साधकाला मारतो. सरांना हेच सांगा, ते ऐकतील. आणि स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं तेच या क्रिया प्रयोगशाळेत तपासायला. मोजून बघणं हा योगाचा अपमान नाही.

रडण्याबद्दल. दिवसभर आवळून धरलेलं शरीर सैल झालं की आत थोपवलेलं वर येतं. मी शेकडो जणांत पाहिलंय. त्याला शुद्धी म्हणू नका, आजारही म्हणू नका, तुमचे वडील गेलेत. पण सहा महिने झोप मोडलेली आहे, तर मानसोपचारतज्ज्ञांना एकदा जरूर भेटा. प्राणायाम त्याच्या सोबतीने चालू राहू दे.

रानजाई :

दोघांचे मनापासून आभार. तपासणी झाली. कॅल्शियम ठीक आहे, ड जीवनसत्त्व बरंच कमी निघालं, औषध सुरू केलंय. सरांशी वर्ग सुटल्यावर बोलले. सिंह-वाघाची ओळ ऐकून ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तुम्ही मागच्या रांगेत बसून अनुलोम-विलोम करा, माझी हरकत नाही." दहा दिवसांत हात एकदाही आखडला नाही. शुक्रवारी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे.

एकच विचारायचं राहिलं. शवासनात डोळे मिटले की अजून हॉस्पिटलची खोली दिसते. डोळे उघडे ठेवून, छताकडे बघत केलं तर चालेल का?