ब्लोअर लावायचा असेल तर एलक्यू९ कशाला?

वर एकाने जुन्या शेव्ही सिल्व्हराडो पिकअपमध्ये सुपरचार्जरसाठी (म्हणजेच ब्लोअर, इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) जनरल मोटर्सचं एलक्यू९ इंजिन घ्यायला सांगितलंय. इंजिन दमदार आहे, वाद नाही. पण त्याचे पिस्टन सपाट, कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं ते) १०:१. बूस्ट, म्हणजे ब्लोअरने कोंबलेल्या हवेचा दाब, आलं की साध्या पंपाच्या पेट्रोलवर नॉकिंगची (पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसण्याची) टांगती तलवार. त्याचाच भाऊ एलक्यू४ घ्या: तोच ६.० लिटरचा लोखंडी ब्लॉक, पण खोलगट पिस्टन आणि साधारण ९.४:१. शिवाय बऱ्याचदा स्वस्तात सुटतो. फक्त १९९९-२००० चा टाळा. त्याची क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) मागे लांब असते, गिअरबॉक्स जोडताना नसती उठाठेव.

बजेट तंग असेल तर ५.३ लिटरचं एलएम७ही वाईट नाही, भंगार यार्डात ढिगाने पडलेत. विक्रेता सांगेल त्यावर जाऊ नका, व्हीआयएनचं (गाडीच्या ओळख क्रमांकाचं) आठवं अक्षर बघा: टी म्हणजे एलएम७, यू म्हणजे एलक्यू४, एन म्हणजे एलक्यू९. २००७ नंतरच्या बहुतेक ५.३ मध्ये इंधन वाचवायला काही सिलिंडर बंद करणारी यंत्रणा असते, तिचे लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) रडवतात.

घ्यायच्या आधी स्पार्क प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) घाला. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या (मूळ घासाईच्या) तिरप्या रेघा दिसल्या तर बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, अजून शाबूत. उभे ओरखडे दिसले की सरळ पुढच्या गाडीकडे.

आणि इंजिन उघडणारच असाल तर पिस्टनच्या वरच्या रिंगचा गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट) वाढवून घ्या. बूस्टमध्ये रिंग तापून फुगते, टोकाला टोक भिडतं आणि पिस्टनची कड तुटते. लोक बिचाऱ्या ट्यूनरला (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग करणाऱ्याला) शिव्या घालतात.

बाकी ब्लोअर कुठला, ते बॉनेटखाली किती उंची उरते त्यावर.