डाव्या मेंदूचं लेकरू, उजव्या मेंदूचं लेकरू: ह्याला काही अर्थ आहे का?

लातूरचा पालक
मुलगी दहावी झाली. अकरावीसाठी एका क्लासात गेलो, तर तिथं दहाही बोटांचे ठसे घेऊन मेंदूची चाचणी. पैसे वेगळे. रंगीत रिपोर्टात लिहिलंय: ‘उजवा मेंदू प्रबळ, तर्क-गणिताकडं कल कमी.’ म्हणजे नीटचा नाद सोडा. माझं स्पष्ट मत, हा निव्वळ धंदा आहे. डाव्या मेंदूला ठरलेली कामं आहेत, नाही कोण म्हणतं? उजवा हात-पाय तोच चालवतो, बहुतेकांची भाषाही तिथंच. पण त्यावरून लेकरांची वाटणी करायची? बोटावरच्या रेषा आईच्या पोटातच पक्क्या होतात, त्यांना गणित काय कळणार?

क्लासवाले सर, नांदेड
दादा, सगळ्यांना एकाच काठीनं हाणू नका. ठसे मीही मानत नाही. पण एका पोराला आकृती काढली की कळतं, दुसऱ्याला पायरीपायरीनं मांडून द्यावं लागतं. ह्याला उजवा-डावा म्हटलं तर बिघडलं काय? मेंदूचे दोन अर्धे कसे चालतात हे तपासणाऱ्या रॉजर स्पेरीला १९८१ चं नोबेल कामून मिळालं मग?

फिजिओ, अंबाजोगाई
सर, स्पेरीचे रुग्ण कोण होते ते बघा. फिट थांबाव्यात म्हणून दोन्ही अर्धांना जोडणारा पट्टा कापलेले. त्यांना नजरेच्या उजव्या बाजूला शब्द दाखवला की वाचायचे. डाव्या बाजूला दाखवला की ‘काही दिसलं नाही’ म्हणायचे, अन् डाव्या हातानं नेमकी तीच वस्तू चाचपून उचलायचे! तुमच्या वर्गातल्या पोरांचा पट्टा शाबूत आहे, वीसेक कोटी तंतूंचा. युटा विद्यापीठानं २०१३ मध्ये हजारावर लोकांचे स्कॅन तपासले. काही कामं एका बाजूला जास्त चालतात हे दिसलं, अख्खा माणूस एका बाजूचा असं काही सापडलं नाही.

परभणीची सून
मामंजींना डाव्या मेंदूत झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. चहा पाहिजे तरी ‘ते, ते’, चष्मा पाहिजे तरी ‘ते, ते’. एकादशीला घरात भजन बसलं, तर हे अभंगाच्या ओळीच्या ओळी सुरात म्हणायलेत! आम्ही टाळ थांबवून बघतच राहिलो. गाणं उजवीकडं असतंच की मग. सरांचं अगदीच खोटं नाही.

फिजिओ, अंबाजोगाई
ताई, असं बऱ्याच रुग्णांत दिसतं. सूर धरून बोलतं करायची पद्धतही आहे, स्पीच थेरपिस्टला जरूर दाखवा. फ्रेंच डॉक्टर ब्रोकानं १८६१ मध्ये तपासलेला रुग्ण तर ‘टान’ एवढंच बोलायचा, समोरच्याचं मात्र त्याला बरंचसं कळायचं. बिघाड निघाला डाव्या कपाळामागं. जर्मन डॉक्टर वर्निकेनं १८७४ मध्ये ह्याच्या उलट तऱ्हा मांडली: बोलणं धडाधड, अर्थ शून्य. पण हे झालं इजा झालेल्या मेंदूचं. धडधाकट पोरीला पाढे म्हणायला डावी बाजू जास्त लागेल, अंदाज बांधायला दोन्ही. ह्यातून कल कुठला काढता?

डावखुरा, बीड
आम्हा डावखुऱ्यांना शाळेत हातावर पट्ट्या, आता म्हणे आम्ही उजव्या मेंदूचे कलाकार. मी लाइनमन आहे बाबा. सुमारे सत्तर टक्के डावखुऱ्यांची भाषासुद्धा डावीकडंच असते.

क्लासवाले सर, नांदेड
बरं, डावा-उजवा हे नाव सोडतो, शिकवायची तऱ्हा नाही सोडणार. अन् पालकांचंही ऐका. ‘पोरगं गणितात कच्चं आहे’ असं तोंडी सांगितलं तर भांडायला येतात, तेच छापील कागदावर दिलं की गुमान मान डोलावतात. मागणी आहे म्हणून दुकानं आहेत.

लातूरचा पालक
मग सर, कागदच द्यायचा तर तपासलेला पेपर द्या, कुठल्या गणिताला मार्क गेले ते तरी दिसेल. मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं ह्या ठसे-चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर सांगितलंय, तरी क्लासवाले फी परत द्यायला तयार नाहीत. पोरीनं सायन्सच घेतलंय, दुसऱ्या ठिकाणी.