प्रतिसाद: छर्ऱ्यांनी माणूस दगावतो का?

'पोलिसांचे छर्रे फक्त जमाव पांगवण्यासाठी असतात, त्यांनी कोणी मरत नाही' असं म्हटलं जातं. अबू सईदच्या बाबतीत ते टिकत नाही. बांगलादेशात रंगपूरच्या बेगम रोकेया विद्यापीठातला हा इंग्रजीचा विद्यार्थी, सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाविरोधातल्या आंदोलनाचा समन्वयक, 16 जुलै 2024 रोजी पोलिसांच्या शॉटगनने मारला गेला.

हे छर्रे धातूचे होते, रबराचे नव्हेत. काडतूस उडालं की ते फाकत जातात. अंतर वाढलं की जोर ओसरतो, पण नेम उरत नाही. जवळून मारले तर छातीत घुसून आत रक्तस्राव होतो. म्हणजे जमावावर वापरायला दोन्हीकडून नालायकच. संयुक्त राष्ट्रांच्या फेब्रुवारी 2025 च्या अहवालानुसार साधारण 14 मीटरवरून किमान दोनदा मारा झाला. छातीत उजवीकडे 40, डावीकडे 50 छर्रे.

पोलिसांच्या एफआयआरमध्ये मात्र आंदोलकांच्याच गोळीबाराकडे आणि विटांकडे बोट! विटेने मेला म्हणायचं तर डोक्याला तशी गंभीर इजा दिसायला हवी. ती आढळली नाही. शिवाय घटनेच्या व्हिडिओत अबू सईद हात पसरून उभा असलेला स्पष्ट दिसतो. अशा प्रकरणांत एफआयआरच्या आधी शवविच्छेदन अहवाल वाचावा.