१९९८नंतर मोठं युद्ध झालं नाही, त्याचं श्रेय अण्वस्त्रांना द्यायचं का?

कृष्णाकाठ
मी भारत-पाक अण्वस्त्र प्रतिरोधनावर, म्हणजे अण्वस्त्रांच्या धाकाने शत्रूला हल्ल्यापासून रोखण्यावर, पीएचडी करते आहे. विषय सांगितला की समोरून हमखास ऐकू येतं, "दोघांकडे बॉम्ब आहे म्हणून तर शांतता आहे." मला हे पटत नाही. मे १९९८मध्ये आपल्या पोखरणला आणि पाकिस्तानच्या चगाईला अणुचाचण्या झाल्या आणि वर्षभरात कारगिल घडलं. अणुबॉम्बच्या भीतीने भारत हात आखडता घेईल, हा हिशेब त्या घुसखोरीमागे होता असं माझं मत आहे. आणि ९ मार्च २०२२ आठवा. आपलं ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, जीवितहानी झाली नाही. पण हेच ऐन तणावात झालं असतं तर? तेव्हा समोरचा थांबून खात्री करेल, याची हमी कुठला सिद्धांत देतो?

जुना तोफखाना
साफ असहमत. १९६५ला आपण लाहोरच्या दिशेने घुसलो होतो. कारगिलमध्ये हवाई दलाला ताबारेषा ओलांडायची परवानगी नव्हती. संसदेवरच्या हल्ल्यानंतर 'पराक्रम' मोहिमेत फौज महिनोन्महिने सीमेवर उभी होती, तरी युद्ध झालं नाही. हा धाक नाही तर काय?

कृष्णाकाठ
दादा, त्यात अमेरिकेचा दबाव होता आणि फौजेची जमवाजमव होईपर्यंत वेळही हातचा गेला होता. शिवाय त्या धाकाने २६/११ अडवलं का? उलट हल्ला करवणाऱ्यांना त्याचं छत्र मिळालं.

दादरचा विनू
म्हणूनच बालाकोट झालं, आणि मे २०२५मध्ये तर आपण त्यांच्या हवाई तळांवर मारा केला. छत्र फाटलंय. आता 'प्रथम वापर नाही', म्हणजे अण्वस्त्र आपण आधी वापरायचं नाही, हे २००३चं धोरणही सोडा. ६०-७० किलोमीटर पल्ल्याचं 'नस्र' हे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्र त्यांनी आपल्या फौजेविरुद्धच बनवलंय ना?

कृष्णाकाठ
ते धोरण सोडलं तर संकटात त्यांना वाटेल की भारत आधी मारणार, आणि बटणाकडे त्यांचा हात लवकर जाईल. मला उलट दिशेने जायचंय. २००५च्या भारत-पाक करारानुसार बॅलिस्टिक (उंच कमानीत जाऊन पडणाऱ्या) क्षेपणास्त्राच्या चाचणीची आगाऊ सूचना द्यावी लागते. क्रूझ (विमानासारखी उडत जाणारी) क्षेपणास्त्रं त्यात नाहीत, म्हणजे ब्राह्मोसही नाही. ती त्यात आणा, आणि अपघात झाला तर तासाभरात हॉटलाइनवर कळवायचं बंधन घाला.

दादरचा विनू
पाकिस्तान पाळेल? स्वप्नं बघताय.

कृष्णाकाठ
१९८८च्या करारानुसार अणुकेंद्रांच्या याद्या दर १ जानेवारीला दोन्हीकडून दिल्या जातात. १९९२पासून. कारगिल, २६/११, पुलवामा, काहीही झालं तरी ते थांबलेलं नाही.

जुना तोफखाना
याद्या देणं सोपं आहे, त्यात कोणाचं काही जात नाही. धाकाबद्दलचं माझं मत कायम आहे. पण चुकून सुटलेल्या क्षेपणास्त्राची खबर लगेच गेली पाहिजे, इथे तुमच्या बाजूने. २०२२ला आपण जाहीर कबुली द्यायला दोन दिवस लावले, ते मलाही खटकलं होतं.