मदत हवी आहे: आईला बार्बरा स्टॅनविकचा कुठला सिनेमा दाखवू?

नमस्कार मंडळी. जुन्या हॉलिवूडमधली माझी सगळ्यात लाडकी नटी म्हणजे बार्बरा स्टॅनविक. तिच्याच काळातली नटी इन्ग्रिड बर्गमन देखणी खरीच, पण स्टॅनविक पडद्यावर विचार करताना दिसते. 'स्टेला डॅलस' (१९३७) चा शेवट आठवा. पावसात रस्त्यावर उभी राहून खिडकीतून मुलीचं लग्न बघणारी आई, दातांत रुमाल धरलेला. मला दर वेळी रडू येतं. चार नामांकनं मिळूनही तिला ऑस्कर दिलं नाही, शेवटी १९८२ मध्ये मानद पुरस्कार दिला, याचा राग अजून गेलेला नाही.

अडचण अशी की आईला तिचं काम दाखवायचंय. कृष्णधवल सिनेमे तिला आवडतात, पण भराभर इंग्रजी ऐकून ती दमते. 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) लावला, तर अर्ध्या तासात म्हणाली, "ही बाई नवऱ्याच्या जिवावर उठलीय, बंद कर." 'द लेडी ईव्ह' (१९४१) मला अतिशय प्रिय, पण त्यातली निम्मी गंमत बोलण्यातच आहे.

मग 'स्टेला'च लावू का? आई नुकतीच आजारातून उठलीय, फार हळवी झालीय. दुसरा एखादा सुचतो का? आणि ठळक सबटायटल्स असलेली चांगली प्रिंट कुठे मिळेल?