मदत हवी आहे: समुदाय मानसशास्त्र शिकून धोरणाच्या कामात कसं शिरायचं?

नमस्कार मंडळी, मी नागपूरची. एमए मानसशास्त्र झालंय, ओढा समुदाय मानसशास्त्राकडे, म्हणजे एकेका माणसावर उपचार करण्यापेक्षा त्याच्या भोवतालची परिस्थिती बदलण्याकडे पाहणाऱ्या शाखेकडे. १९६५ साली अमेरिकेत स्वॅम्पस्कॉटच्या परिषदेतून ही शाखा पुढे आली, घरचे मात्र अजून "म्हणजे समुपदेशनच ना?" विचारतात.

दोन वर्षं एका वस्तीत काम केलं. नळ पहाटे तीनला येतो, बाया पाण्याच्या गुंड-घागरी घेऊन जागतात. त्यांच्या चिडचिडीवर गोळी काय करणार? बदलायला हवी ती पाण्याची वेळ! हे कागदावर कसं मांडायचं, तिथंच अडते.

धोरणाची वेगळी पदवी घ्यावी, की गरजांचं सर्वेक्षण, गटचर्चा, योजनेचं मूल्यमापन एवढ्यावर काम मिळतं? हिवाळी अधिवेशनात आमदारांसाठी टिपणं काढलेलं कुणी आहे का? मुंबई-दिल्ली सध्या नको, आई एकटी आहे.